कार्ल बाराव्याचा पुतळा आणि 'चपळ' नावाचा शिपाई

परवा स्टॉकहोममधल्या कुंगस्त्रेदगॉर्डन बागेतल्या, स्वीडनचा राजा कार्ल बारावा याच्या पुतळ्याचा फोटो टाकला होता. एका हातात उपसलेली तलवार, दुसऱ्या हाताचं बोट पूर्वेकडे, रशियाच्या दिशेनं. फोटोखाली बऱ्याच जणांनी "काय माणूस होता!" असं लिहिलं, आणि दोघातिघांनी "रशियाच्या थंडीनं मारलं बिचाऱ्याला" असं. पहिलं मला अर्धं पटतं, दुसरं अजिबात पटत नाही. का, ते कॉमेंटमध्ये मावेना, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा.

या राजाबद्दल मला आधी काहीच माहीत नव्हतं. ओढ लागली ती ऑफिसातल्या एका बाईंच्या आडनावामुळे. त्यांच्या आडनावाचा अर्थ 'चपळ'. असं कसं आडनाव, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "हे शिपायाचं नाव आहे. माझा खापरपणजोबा फौजेत होता, तिथे मिळालं." स्वीडनमध्ये अशी आडनावं खूप आहेत. शूर, पोलाद, तलवार, खंजीर. एकाच पलटणीत दहा अँडर्स अँडरसन असले की हाक कुणाला मारायची? म्हणून प्रत्येकाला एक छोटं, खणखणीत नाव द्यायचे. तिथून मी मागे मागे जात कार्लच्या बापापर्यंत पोचलो.

बाप म्हणजे कार्ल अकरावा. त्यानं १६८० च्या दशकात फौज उभी करायची एक पद्धत बसवली. गावातल्या काही शेतांचा मिळून एक गट करायचा, त्याला 'रूटे' म्हणत. एका रूटेनं एक शिपाई पोसायचा. त्याला राहायला झोपडी, पिकवायला जमिनीचा तुकडा, अंगावर कपडे आणि थोडा पगार द्यायचा. शांततेच्या काळात शिपाई शेती करायचा आणि ठरल्या दिवशी कवायतीला जायचा. प्रत्येक प्रांताची आपली पलटण, साधारण १,२०० जणांची. म्हणजे लढताना डावीउजवीकडे आपल्याच गावचे लोक. भाडोत्री सैनिकांच्या त्या काळात ही विलक्षण गोष्ट होती. पण करारात एक कलम होतं: शिपाई मेला, तर रूटेनं दुसरा द्यायचा. शांततेत हे कलम कुणाला जाचत नव्हतं. पुढच्या एकवीस वर्षांत त्यानं गावंच्या गावं तरण्या पुरुषांवाचून रिकामी केली. हे कलम लक्षात असू द्या.

आता मुलगा. जन्म १६८२ चा. आई गेली तेव्हा अकरा वर्षांचा. १६९७ च्या एप्रिलमध्ये बाप गेला, आणि त्याचं शव राजवाड्यात ठेवलेलं असतानाच महिनाभरात राजवाड्याला आग लागली. शव घाईघाईनं बाहेर काढावं लागलं. चौदा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर राहतं घर भस्मसात झालं. त्याच वर्षाअखेरीस संसदेनं पंधरा वर्षांच्या मुलाला सज्ञान ठरवून सगळी सत्ता हातात दिली. राज्याभिषेकाला तो मुकुट आधीच डोक्यावर चढवून आला आणि राजानं प्रजेला द्यायची शपथ त्यानं घेतली नाही. "नाही, महाराज" म्हणण्याचा अधिकार असलेला एकही माणूस त्या दिवसापासून देशात उरला नाही. मला वाटतं, पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

१७०० साली तिघांनी मिळून स्वीडनवर चाल केली. डेन्मार्कचा फ्रेडरिक हा कार्लचा सख्खा मामेभाऊ. सॅक्सनीचा आणि पोलंडचा राजा ऑगस्टस हा सख्खा मावसभाऊ. तिसरा रशियाचा झार पीटर. पोर लहान आहे, बाल्टिकभोवतीचा मुलूख वाटून घेऊ, असा हिशोब. भाऊबंदकी आपल्याला सांगायला नको.

पोरानं काय केलं? इंग्रज आणि डच आरमाराच्या आधारानं समुद्र ओलांडून थेट डेन्मार्कच्या भूमीवर फौज उतरवली. ऑगस्टमध्येच मामेभावाला तह करावा लागला. लगेच बाल्टिकपार जाऊन, चिखल तुडवत, नोव्हेंबरात नार्वा या स्वीडनच्या ताब्यातल्या शहरापाशी पोचला. तिथे पीटरच्या तीसेक हजारांहून मोठ्या फौजेचा वेढा पडला होता. कार्लकडे कसेबसे दहा हजार. दुपारी बर्फाचं वादळ सुटलं आणि वारा स्वीडिश लोकांच्या पाठीवर, रशियनांच्या तोंडावर. कार्लनं त्याच क्षणी हल्ला केला. समोरच्याला तीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. खंदक ओलांडले, रशियन फळी दोन ठिकाणी फुटली, पळणाऱ्यांच्या भारानं नदीवरचा पूल कोसळला. संध्याकाळपर्यंत रशियाचा जवळपास सगळा तोफखाना हाती आला. राजाचं वय अठरा.

लढायची रीतही सांगायला हवी, कारण "काय माणूस होता" मधलं मला पटणारं अर्धं ते हेच आहे. बाकीचं युरोप शंभर पावलांवरून गोळ्या झाडत उभं राहायचं. कार्लचे शिपाई गोळ्या अंगावर झेलत, न थांबता, न झाडता चालत राहायचे. अगदी जवळ, चाळीसेक पावलांवर आल्यावर एक फैर, आणि लगेच तलवारी व भाले घेऊन अंगावर. घोडदळ गुडघ्यामागे गुडघा लावून, पाचरीसारखं, भरधाव. यासाठी लागणारं धैर्य नुसत्या कवायतीनं येत नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, प्रत्येक पलटणीत पाद्री, आणि राजा स्वतः पहिल्या रांगेत. त्याचा निळा डगला साध्या अधिकाऱ्यासारखा, डोक्यावर विग नाही, दारूला स्पर्श नाही, निजायला गवत. लग्न केलंच नाही. जो राजा आपल्यासारखाच चिखलात झोपतो, त्याच्यासाठी माणसं मरायला तयार होतात. हे मी मनापासून मानतो.

पण नार्व्यानं त्याचं नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. त्या एका दुपारनंतर रशिया म्हणजे कधीही परत येऊन हरवता येणारा शत्रू, असं त्यानं धरून चाललं. तो वळला मावसभावाकडे आणि पोलंडमध्ये गेली ती सहा वर्षं. क्लिशोव, थॉर्न, फ्राउश्टाट, एकामागून एक विजय. ऑगस्टसला गादीवरून उतरवून तिथे स्तानिस्वाव लेश्चिन्स्कीला बसवलं आणि १७०६ साली तह लिहून घेतला. वर एकदा दोन-चार सोबती घेऊन ड्रेस्डेनमध्ये त्याच मावसभावाच्या घरी अचानक जाऊन भेटूनही आला. लोक हा किस्सा कौतुकानं सांगतात. स्वीडनविरुद्धची युती जुळवणाऱ्यांतला एक सरदार पाटकुल, त्याच तहानं ताब्यात घेतलेला, त्याला त्यानं चाकावर हाडं मोडून मारलं आणि फ्राउश्टाटला शरण आलेल्या शेकडो रशियन कैद्यांची कत्तल त्याच्या सैन्यानं केली, हे मात्र त्याच दमात कुणी सांगत नाही.

या सहा वर्षांत पीटर काय करत होता? चर्चच्या घंटा वितळवून नव्या तोफा ओतत होता. बाल्टिककाठची स्वीडिश ठाणी एकेक करून घेत होता. १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी स्वीडनच्याच जमिनीवर त्यानं नव्या शहराची पायाभरणी केली, तेच सेंट पीटर्सबर्ग. पुढे त्यानं तहाचा निरोपही धाडला: एवढा नेवेचा काठ मला राहू दे, बाकीचं परत घे. कार्लनं नकार दिला. हातात युरोपातली सर्वांत भीती वाटणारी फौज, शत्रू स्वतःहून तह मागतोय, आणि हा नाही म्हणतो. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक मी हीच मानतो, पुढे जिथे त्याची फौज संपली ती पोल्ताव्याची लढाई नाही.

आता थंडीबद्दल. १७०९ चा हिवाळा भयंकर होता हे खरं. साऱ्या युरोपात तसा हिवाळा कित्येक शतकांत पडला नव्हता, व्हेनिसची खाडीसुद्धा गोठली. पण ही माणसं स्वीडनची आणि फिनलंडची, बर्फ त्यांना नवा नव्हता. खरा घात त्याआधीच्या सप्टेंबरात झाला. पीटर माघार घेताना गावं, पिकं, गंज्या सगळं जाळत चालला होता. कार्लची फौज उपाशी होती. मागून त्याचा सेनापती लेव्हेनहौप्ट हजारो गाड्या भरून दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन येत होता, थोड्याच दिवसांच्या अंतरावर. कार्ल त्याच्यासाठी थांबला नाही. युक्रेनकडे, दक्षिणेला वळला. मधल्या मोकळ्या जागेत पीटरनं लेस्नायाला लेव्हेनहौप्टला गाठलं. जवळपास निम्मी माणसं आणि सगळ्या गाड्या गेल्या. तो राजाला येऊन मिळाला तो आणखी सहा-सात हजार भुकेली तोंडं घेऊन. युक्रेनमधल्या कोसाक लढवय्यांचा पुढारी मझेपा राजाला येऊन मिळाला खरा, पण त्याची राजधानी बातुरीन, जिथे धान्य आणि दारूगोळा होता, ती पीटरचा सेनापती मेन्शिकोव्ह यानं स्वीडिश फौज पोचण्याआधीच जाळून टाकली. थंडी आली ती या उपाशी, उघड्या फौजेवर. म्हणून मी म्हणतो, थंडीला दोष देऊ नका.

पोल्ताव्याची गोष्ट लिहिताना अजूनही हात जड होतो. वेढा चालू असताना, सत्ताविसाव्या वाढदिवशी, राजाच्या पायात गोळी घुसली. लढाईच्या दिवशी तो डोलीत होता. फौजेनं त्याला समोर घोड्यावर पाहायची सवय केलेली, आणि आज हुकूम सेनापती रेनशल्डचे, पायदळ लेव्हेनहौप्टचं, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. पहाटेच्या अंधारात रशियन बुरुजांच्या रांगेतून वाट काढताना एक मोठी तुकडी मागेच अडकली आणि संपली. शेवटी मोकळ्या मैदानात सुमारे चार हजार स्वीडिश पायदळ उभं राहिलं. समोर वीसेक हजार आणि तोफांची रांग. तरीही ते चालत गेले, तसेच, न थांबता. अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपलं. सुमारे सात हजार मेले. तीन दिवसांनी नीपर नदीकाठी पेरेवोलोच्नाला उरलेली फौज शरण गेली. त्यांतले कित्येक सायबेरियात गेले आणि बरेच जण कधीच परतले नाहीत. राजा हजार-दीड हजार जणांनिशी नदी ओलांडून तुर्की हद्दीत निघून गेला.

तिथे तो पाच वर्षं सुलतानाचा पाहुणा होता, त्यातली बरीचशी बेंडर या गावी. शेवटी कंटाळून सुलतानानं त्याला हलवायला फौज धाडली, तर हा मूठभर माणसांनिशी घराच्या खिडक्यांतून लढला. त्या दंगलीवरून 'कलाबलिक' (गोंधळ) हा तुर्की शब्द स्वीडिश भाषेत आला तो कायमचा. मग १७१४ मध्ये खोट्या नावानं घोड्यावरून आणि टपालगाडीतून दोन हजारांवर किलोमीटर अंतर पंधरवड्यात कापून मध्यरात्री उत्तर जर्मनीतल्या, तेव्हा स्वीडनच्या ताब्यातल्या श्ट्रालझुंडच्या वेशीवर हजर. या भागावर कितीही लिहिता येईल, मी लिहिणार नाही, कारण या सुरस कथांत राजाच मोठा होत जातो आणि रूटे दिसेनासे होतात. या पाच वर्षांत स्वीडनमध्ये प्लेग आला, बाल्टिकपारचा मुलूख गेला, फिनलंड गेलं. राजा दूर बसून नव्या पलटणी उभारायचे हुकूम पाठवत होता. परत आल्यावर तांब्याच्या नाण्यांवर चांदीची किंमत छापून पुढच्या युद्धाचा पैसा उभा केला. १७०० मध्ये सोडलेल्या स्टॉकहोमला तो परत आला तो शवपेटीतूनच.

एक गोष्ट इथे राहणारा परदेशी म्हणून सांगायचीच आहे. १९९० च्या दशकात ३० नोव्हेंबरला, त्याच्या मृत्युदिनी, या पुतळ्यापाशी नवनाझी पोरं मशाली घेऊन जमायची. त्यांना हा राजा परक्यांविरुद्धचं निशाण म्हणून हवा होता. ज्याला मुसलमान सुलतानानं पाच वर्षं पोसलं, ज्याच्या मागोमाग आलेल्या मुसलमान आणि ज्यू सावकारांना इथे आपापल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करायची मुभा मिळाली, तो हा राजा. इथल्या घरांत होणाऱ्या कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या 'कोलडोल्मार'चं नातंही लोक त्याच्या त्या तुर्की मुक्कामाशीच जोडतात. आता ३० नोव्हेंबरला बरेच जण मुद्दाम कोलडोल्मार करतात. आमच्याकडेही होतात.

मृत्यू १७१८ चा, नॉर्वेतल्या फ्रेडरिक्स्तेन किल्ल्यासमोर. रात्री खंदकातून डोकं वर काढून पाहत होता, कानशिलातून आरपार गोळी. वय छत्तीस. स्वतःच्याच माणसानं मारलं की किल्ल्यावरून गोळी आली, यावर तीनशे वर्षं वाद आहे. शवपेटी चारदा उघडून झाली. मला त्या वादात फारसा रस नाही. राजवाड्याच्या तळघरातल्या शस्त्रसंग्रहालयात त्याचा तो निळा डगला, भोक पडलेली टोपी आणि रक्ताचे डाग असलेले हातमोजे ठेवले आहेत. काचेसमोर उभं राहिलं की तो माणूस अंगानं केवढासा होता ते कळतं, आणि राग विरघळतो, हे कबूल करतो.

पण त्याच वेळी नॉर्वेत उत्तरेला त्याची दुसरी फौज होती. सेनापती आर्मफेल्ट, शिपाई बहुतेक फिनिश. त्यांना ट्रोंडहाइम घ्यायला धाडलं होतं, ते जमलं नव्हतं. राजा गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला जवळजवळ महिना लागला. मग परतीचा हुकूम निघाला आणि जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे १७१९ च्या पहिल्याच दिवशी जवळपास सहा हजार माणसं ट्युडालहून डोंगर ओलांडून स्वीडनकडे निघाली. वाटेत हिमवादळ. पहिल्याच रात्री सुमारे दोनशे जण गोठून मेले. शेकोटीसाठी लाकूड नव्हतं, तर त्यांनी घसरगाड्या फोडून जाळल्या, मग बंदुकांचे दस्ते जाळले. डोंगरावर सुमारे तीन हजार गेले. खाली उतरल्यावरही कित्येक मरत राहिले, कित्येकांची बोटं, पाय कापावे लागले.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्या बाजूला ट्रेकला गेलो होतो. डोंगर उतरून ते लोक जिथे पोचले, त्या हांडोल गावात त्यांच्या आठवणीचा दगड आहे. जुलै होता, ऊन होतं, पलीकडे धबधब्याचा आवाज. घरी आल्यावर ऑफिसातल्या त्या बाईंना दगडाचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या रूटेनं त्या युद्धात पाच जण दिले. पाचही जणांचं नाव 'चपळ'च होतं. एक मेला की तेच नाव पुढच्याला द्यायचे."