सह्याद्रीखाली ज्वालामुखी झोपलेला नाही

कोयनेच्या आसपास जमीन जरा हादरली की तोच संदेश पुन्हा फिरू लागतो: ‘सह्याद्री हा सुप्त ज्वालामुखी आहे. लोणारचं विवर, कोकणातले गरम पाण्याचे झरे आणि कोयनेचे भूकंप म्हणजे तो जागा होत असल्याच्या खुणा.’ धरणाजवळ राहणारी माणसं हे वाचून रात्र जागून काढतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सह्याद्री लाव्हाचाच आहे, हे खरं. पण तो एका तोंडातून उसळलेला डोंगर नव्हे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. घाटातला कापलेला कडा जवळून बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर त्याच्या माथ्याची झीज होऊन माती झाली, आणि पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला. आजची शिखरं नंतरच्या पावसापाण्याने कोरली आहेत. मग ती आग गेली कुठे? भारताचा भूखंड उत्तरेला सरकला, उष्णतेचा स्रोत मागेच राहिला. बहुतेक भूवैज्ञानिक तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली मानतात, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो.

लोणार तर आकाशातून आलेल्या अशनीच्या धडकेने झालं. प्रचंड दाबाखाली काच झालेली खनिजं तिथल्या खडकात सापडली आहेत. ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही.

वज्रेश्वरी, राजापूर, उन्हवरे इथलं पाणी पावसाचंच. ते भेगांतून खोल मुरतं, तापतं, वर येतं. खोल जावं तसा खडक गरम होत जातो, दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश, आणि हे जगात जवळपास सगळीकडे आहे. त्यासाठी खाली वितळलेला खडक लागत नाही.

राहिली कोयना. तिथे संशोधनासाठी सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा घट्ट, फार जुना खडक लागला. लाव्हा नव्हे. तिथले धक्के बसतात ते जुन्या भेगांवर. त्यांना जलाशयातल्या पाण्याने चालना मिळते, असंच बहुसंख्य भूकंपतज्ज्ञ सांगतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे याच भागात दीडशेहून अधिक माणसं गेली, कित्येक जण कोसळलेल्या भिंतींखाली. तिथल्या लोकांनी विचारायचंच असेल, तर आपलं घर पुढचा धक्का सोसेल का, हे विचारावं.