सेल मेला, हे ठरवायचं कुणी?

आमच्या घरात सेल मरत नाही, त्याची बदली होते. नवा पेन्सिल सेल आधी चिरंजीवांच्या गाडीत जातो. गाडी सोफ्याखाली नुसतीच कुंईकुंई करायला लागली की टीव्हीच्या रिमोटमध्ये. तिथे रिमोटच्या पाठीत चार थपडा खाऊन झाल्या की भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळाला करंट लागतो चिमूटभर, त्यामुळे बाकी सगळीकडून रिटायर झालेला सेल तिथे आणखी दोन-चार महिने सहज काढतो. मग एक दिवस सेकंदकाटा नऊपाशी येतो आणि वर चढवत नाही म्हणून जागच्या जागी तडफडतो. मी म्हणते, "अण्णा, संपला हा."

माझे सासरे चष्मा पुसत म्हणतात, "संपला काय लगेच? जरा ऊन दाखव त्याला."

वैताग असा, की ऊन दाखवलेला सेल थोडा वेळ खरंच चालतो. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया घटकाभर जोर धरते, बस. पण त्या घटकाभरात अण्णा जिंकलेले असतात.

अशा उमेदवारांचा आमच्याकडे एक श्रीखंडाचा डबा आहे. परवा तो उघडला तर दोन सेल फुटून एकमेकांना चिकटलेले आणि त्यांच्या टोकांना पांढरी बुरशी. अण्णा म्हणाले, "पापडखारासारखं दिसतंय." क्षारच होता तो, पण पापडाला चालणारा नव्हे. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, कातडी चुरचुरते. हातमोजे घातले आणि जाहीर केलं, आज डबा रिकामा होणार.

कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं, "हे ओल्यात की सुक्यात?"

त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "वहिनी, नाव ड्राय सेल, पण याला तर पाणी सुटलंय. मी नाही नेत."

बरोबरच होतं त्यांचं. घनकचऱ्याच्या 2016च्या नियमांनी वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात घातले. मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, इंजेक्शनच्या सुया यांच्या पंगतीला. त्यासाठी सोसायटीत तिसरा डबा आहेसुद्धा. त्यात वॉचमनची छत्री असते.

मग अण्णांना 2022च्या बॅटरी नियमांबद्दल सांगितलं. सेल बनवणाऱ्यांनीच वापरलेले सेल परत गोळा करायची सोय करायची, असा कायदाच आहे. अण्णा सावरून बसले. "कंपनी नेणार? किलोला काय भाव?" भाव नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पण त्यांनी एक सेल उचलून भिंगाखाली धरला. त्यावर चाकांच्या कचरापेटीचं चित्र, वर फुली. "हे बघ. टाकायचा नाही, असं छापलंयच त्याच्यावर!"

दुपारी मी सेलच्या टोकांना टेप लावायला बसले. चौकोनी नऊ व्होल्टवाल्याची दोन्ही टोकं शेजारी शेजारी; डब्यात एखादी किल्ली आडवी पडली तर चटका बसेल इतकी तापते. बटणासारखे लिथियमचे सेलही तसलेच तापट, शिवाय मुलाने गिळला तर अन्ननलिका जाळणारे. काळी टेप लावत एकेक सेल मोजला. सत्तेचाळीस. अण्णा शेजारी बसून टेप किती फुकट जातेय ते सांगत होते.

जुने सेल घेणारं दुकान मैत्रिणीने सांगितलं होतं. वॉशिंग मशिनच्या मागे पेटी होती. आत तीन सेल, एक चहाचा कागदी कप आणि पेढ्यांचा रिकामा बॉक्स. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "मॅडम, चालू आहेत?"

"नाहीत."

"मग आणले कशाला?"

मालक आले, त्यांनी आधी कप काढला, मग पोराला काढलं आणि वहीत नोंद करायला स्वतः बसले. "पंचेचाळीस," ते म्हणाले. मी म्हटलं, सत्तेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजले. पंचेचाळीसच.

घरी आले तेव्हा अण्णा अंगणाकडे तोंड करून पेपर वाचत होते. जरा जास्तच मन लावून. बाल्कनीत सासूबाईंनी सकाळी घातलेल्या कुरडयांचं ताट होतं. त्याच्या बाजूला, वर्तमानपत्राच्या घडीवर, काळी टेप सोललेले दोन पेन्सिल सेल ऊन खात पडले होते.