गच्चीवरून ईथरमध्ये झेप

तुम्ही निवृत्त झाला आहात, इंदूरच्या रामबागेतल्या घराला गच्ची आहे आणि सकाळचे पोहे-जिलबी आटोपले की दुपारपर्यंत हाताला काम नाही. म्हणजे ईथरवर चालणारं यान बनवायला लागणारी सगळी सामग्री तुमच्याकडे तयार आहे. पेट्रोल नको, हवा नको. प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारं म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी कल्पिलेलं, ब्रह्मांडभर पसरलेलं ईथर मागे ढकलायचं आणि आपण पुढे जायचं. विज्ञान लागेल, पण चिमूटभर. जास्त पडलं की यान उडत नाही.

सुरुवात अंगणातल्या पाइपापासून करा. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबा. धार तुळशीवरून थेट शेजाऱ्यांच्या स्कूटरवर जाईल. जमलेल्यांना सांगा, "बघा, अंगठ्याने शक्ती निर्माण झाली!" गणिती बर्नूलीचं नाव घ्या, १७३८ सालचं त्याचं पुस्तक आहे म्हणा. त्यात त्याने मांडला तो जमाखर्च: आतला दाब खर्ची पडतो तेव्हा वेग मिळतो. एवढं वाक्य खोकल्यात घालवा. आणि जवळपास बादली ठेवू नका. एखादी चौकस सूनबाई घड्याळ लावून बसेल, आणि अंगठा दाबला की बादली उशिरा भरते हे चारचौघांत उघड होईल. पाइप हातातून सुटूही देऊ नका. सुटला की तो फरशीवर थैमान घालतो, आणि पाणी पुढे फेकलं की पाइप मागे रेटला जातो ही न्यूटनची कटकट लहान पोरांच्याही लक्षात येते.

नर्मदेचा विषय तर निघूच देऊ नका. नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून पाणी इंदूरला येतं ते पंपांच्या जोरावर, आणि त्या पंपांना वीज लागते.

कोणीतरी १८८७ सालचा मायकल्सन-मॉर्ली प्रयोग काढेलच. क्लीव्हलंडमधल्या एका तळघरात पाऱ्यावर तरंगणारी दगडी शिळा, तिच्यावर आरसे. पृथ्वी ईथरमधून धावताना समोरून लागायला हवा तो ईथरचा वारा मोजायला बसले आणि हिशेबाप्रमाणे यायला हवा होता तेवढा वारा काही आला नाही. घाबरू नका. "सत्य दडपलं" म्हणा आणि चहा मागवा. मग मायकल्सनला १९०७ साली नोबेल कसं मिळालं, असं विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

खरी मेख पुढे आहे, आणि इथे मला तुमची मनापासून काळजी वाटते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. वाटेत ईथर भरलेलं असेल, तर त्याने तिला इतक्या युगांत जराही अडवलेलं नाही. म्हणजे घर्षण शून्य. १७५२ साली फ्रेंच गणिती दालांबेर याच हिशेबाने चक्रावला होता: घर्षण नसलेल्या द्रवातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला विरोधच होत नाही. मग तुमच्या यानाच्या पंख्याची पाती त्या ईथरला धरणार कुठे? एरंडेल थापलेल्या मल्लखांबावर चढायचं आणि वर खांबही नाही. भोवऱ्याचं इंजिन काढाल, तर तिथे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ आडवा येतो. १८५८ मध्ये त्याने दाखवलं की अशा आदर्श द्रवात नवा भोवरा जन्मत नाही आणि असलेला मरत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ केल्व्हिनला हे इतकं आवडलं की १८६७ मध्ये त्याने अणू म्हणजे ईथरमधले भोवरेच, असं मांडून टाकलं. त्याला ते अमर हवे होते. तुम्हाला मात्र रोज सकाळी बटण दाबून नवा सुरू करायचा आहे. तेव्हा ईथर निसरडं आहे आणि चिकटही आहे, हे एकाच सभेत बोलू नका. पहिलं व्याख्यान गणेशोत्सवात द्या, दुसरं कोजागिरीला.

पैशांचं फार अवघड नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन कीलीने ईथरच्या शक्तीवर कंपनी काढून वीसहून अधिक वर्षं भागधारकांना आशेवर ठेवलं. १८९८ मध्ये तो गेला आणि त्याच्या प्रयोगशाळेखाली दाबलेली हवा साठवता येईल असा भलामोठा लोखंडी गोळा निघाला. म्हणून तळघर नकोच. गच्चीवर टंकीआड काहीही दिसलं तरी इंदुरात कोणी संशय घेत नाही.

यान तोलायला स्वयंपाकघरातला काटा घ्या. यान चांगलं तापू द्या, वायरी ताणलेल्या ठेवा. दोन-तीन ग्रॅम इकडे-तिकडे होतातच. जर्मनीतल्या ड्रेस्डेनची शास्त्रज्ञ मंडळी मात्र फार अरसिक. बंद डब्यात मायक्रोवेव्ह कोंडून जोर मिळतो म्हणणाऱ्या एमड्राइव्हची त्यांनी तपासणी केली आणि २०२१ मध्ये सांगितलं की तापल्यामुळे जोडणी वाकते, म्हणून काटा हलतो. टांगायची पद्धत बदलली आणि जोर गायब! तुम्ही पद्धत बदलू नका.

काटा हलला की लगेच फोटो काढा. पण तेवढ्यात खालून "अहो, नळ आले!" अशी हाक आली, तर यानाची पिन उपटा आणि पाणी खेचणाऱ्या टुल्लू पंपाची लावा. जिन्यात सॉकेट एकच आहे, आणि शेजाऱ्यांनी त्यांचा टुल्लू केव्हाच सुरू केला असेल.