जलेबी सोडायची नाही, अर्क घ्यायचा

आधी डोक्यातून ते खूळ काढा की वजन उतरवायचं तर सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराला, जाणं बंद करावं लागतं. इंदूरात राहून असलं बोलू पण नका, कोणी ऐकेल. सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चक्कर, रात्री अकराला गराडू (थंडी नसेल तर भुट्टे का कीस), सगळं तसंच राहू द्या, मधून मधून झाडपाल्याच्या अर्काची एक हिरवी कॅप्सूल टाकायची, झालं.

कोणती घ्यायची? गार्सिनिया घ्या. नावाला घाबरू नका, आपल्या आमसुलाचीच चुलत बहीण, दोघींच्या सालीत तेच हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. आई आयुष्यभर आमटीत घालायची तेव्हा कोणी त्याला भाव दिला नाही, आता डबीत बसून आलंय तर आपण हजार-बाराशे मोजतो. खाल्लेल्या साखरेची चरबी करणारं एक एन्झाइम ते अडवतं, उंदरांमध्ये तर छान अडवलं. आता आपण काही उंदीर नाही, पण रात्री साडेअकराला सराफ्यातली गर्दी बघितली तर मला तेवढी खात्री देता येत नाही.

माणसांवर पण करून झालंय बरं का. 1998 ला अमेरिकेत 135 जाड माणसं घेतली, 12 आठवडे, सगळ्यांना जेवण मोजून कमी दिलं, अर्ध्यांना गार्सिनिया आणि अर्ध्यांना नुसती खोटी गोळी. गार्सिनियावाल्यांचे सरासरी 3.2 किलो उतरले, खोट्या गोळीवाल्यांचे 4.1. म्हणजे शहाणा माणूस दुकानात जाऊन सरळ म्हणेल, भिया, ती खोटीवाली दे. (ते कमी जेवणाचं घरी बोलू नका, बायको फक्त तेवढंच ऐकेल.)

ग्रीन टीचा अर्क पण चालतो. कपभर पिणं गावठीपणा झाला, कॅप्सूलच घ्या आणि भरपूर घ्या. युरोपच्या अन्नसुरक्षावाल्यांनी 2018 मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून त्यातलं ईजीसीजी नावाचं मुख्य द्रव्य दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा वर गेलं की लिव्हरचे रिपोर्ट बिघडू शकतात. असू द्या की, लिव्हर दीड किलोचं असतं, वजनच उतरवायचंय ना?

घरात फार्मसी शिकणारी एखादी पुतणी असेल तर तिला मात्र या विषयात घेऊ नका. तुम्ही म्हणणार "झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो", की ती लगेच बेल्जियम काढते, तिथे 1990 च्या सुमाराला बारीक व्हायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी भलतीच मुळी पडली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. जेवताना सांगते हे. श्रीखंड-पुरी चालू असताना.

आणि गुडमार! ती तर चुकूनही नको. मी फसलो एकदा, कोणीतरी पानं आणून दिली, चावून सराफ्याला गेलो आणि पंजाएवढा जलेबा घेतला. ओला मैदा लागला हो. रबडी घेतली, ती पण तशीच, नुसती चिकट. ते पान जिभेवरची गोडाची चवच बंद करून टाकतं, आणि हे उंदरांत नाही, माझ्या तोंडात. अर्धा जलेबा टाकून दिला, आमच्या खानदानात पहिल्यांदा. मग तिथेच एका ओट्यावर बसून राहिलो, लोकांना खाताना बघत, जीभ परत यायची वाट बघत, तास गेला असेल. आली तेव्हा दुसरा घेतला, वर कॅप्सूल.