हास्ययोग करू, पण रिलीव्हर द्या

यंदा १२ मेला, नर्सेस डेला, आमच्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हास्ययोगाचा एक व्हिडिओ आला, आमच्यातल्याच एका मैत्रिणीच्या हॉस्पिटलमधला. पंचवीसेक सिस्टर हात वर करून हो हो हा हा हा करतायत आणि पुढे एक ट्रेनर माइक घेऊन उभा. त्यावरून दोन दिवस ग्रुपमध्ये नुसती जुंपली. निम्म्या म्हणतात ही सगळी नाटकं, रिकाम्या जागा भरा, आम्ही आपोआप हसू. बाकीच्या म्हणतात अगं, वर्षातून एकदा तरी कुणी आपला विचार केला ना. मी नऊ वर्षं ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नर्स आहे, त्यामुळे 'तू नको बोलूस, तुझं बरंय' हेही ऐकून घेतलं. बरं आहेच, खोटं कशाला बोलू. पण का बरं आहे ते सांगायचंय.

आधी एक. हास्ययोगाला नाटक म्हणू नका. तो आपल्या मुंबईचा आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये अंधेरीच्या लोखंडवालामधल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे, पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, मग ठरलं की विनोदाशिवायच हसायचं, समोरच्याच्या डोळ्यात बघून, टाळ्या वाजवत, मधेमधे खोल श्वास घेत. सुरुवात खोटी असते पण दोन मिनिटांत खरं हसू फुटतं, मी स्वतः अनुभवलंय. नर्सेसवर याचे अभ्यासही झालेत, तुर्कस्तानात वगैरे, बरेचसे छोटे आहेत, पण ताण हलका होतो असं त्यात दिसतं. माइंडफुलनेसचंही, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचंही, तेच. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा कोर्स काढला, तिथून तो सगळीकडे गेला. इगतपुरीला विपश्यना करून आलेल्यांना त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

असं क्षणभर थांबण्याची किंमत मला कधी कळली ते सांगते. इथं जॉइन झाल्यावर काही महिन्यांनी माझा पहिला पेशंट गेला, ८१ वर्षांचे आजोबा, रात्री दोनच्या सुमाराला. मी सवयीप्रमाणे लगेच लाइन्स, म्हणजे सलाइनच्या नळ्या, काढायला लागले तर शिफ्टची इन्चार्ज नर्स म्हणाली, थांब. बेडभोवती आम्ही चौघी उभ्या राहिलो, ती हळू आवाजात बोलली की हा कुणाचा तरी बाप होता, नवरा होता, आपण केलं तेवढं केलं, आणि मग एक मिनिट कुणीच काही बोललं नाही. नुसतं उभं राहायचं. याला 'द पॉज' म्हणतात, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने ही पद्धत सुरू केली. त्या एका मिनिटात मी रडले, आणि ते रडणं त्या एकट्या आजोबांसाठी नव्हतं.

कारण त्याआधी चार वर्षं मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी हॉस्पिटलात होते. मेडिसिन वॉर्ड, ४० बेड, जमिनीवर गाद्या टाकलेले पेशंट वेगळेच, आणि नाइटला आम्ही दोघी, कधी कधी एकटीच. पेशंट गेला की बॉडी पॅक, कागद, नातेवाइकांचा आक्रोश, मावशींना हाक मार, चादर बदल, आणि अर्ध्या तासात त्याच बेडवर दुसरा पेशंट. एक मिनिट थांबायचं म्हणजे तेवढ्यात कुणाचं तरी सलाइन संपणार. पहाटे चारला आम्ही दोघी स्टोअररूममध्ये डब्यातल्या गार पोळ्या खाताना कशावरूनही हसत सुटायचो, पोट दुखेपर्यंत, तीच काय ती आमची थेरपी.

आता इथला हिशोब बघा. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथं, २००० साली नर्सेसच्या युनियनने भांडून रेशो, म्हणजे किती पेशंटमागे एक नर्स याचं प्रमाण, मिळवला आणि २०१५ मध्ये त्याचा कायदा झाला. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात दिवसा चार पेशंटमागे एक नर्स आणि इन्चार्ज वेगळी, रात्री आठमागे एक. म्हणून थांबता येतं. इथंही नर्सेस थकतात, डबल शिफ्ट असतात, कोविडनंतर कितीतरी जणी नोकरी सोडून गेल्या. पण इथं थकवा आला तर कामाचा बोजा मोजतात, 'तू मन शांत ठेव' एवढं सांगून सोडत नाहीत. आणि आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, टीचिंग हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक आणि जनरल हॉस्पिटलात पाचमागे एक. वॉर्डात तो कुणी पाहिलाय? २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा लोक म्हणाले पेशंटना वेठीला धरतात. अहो, पेशंटसाठीच तर होतं ते! अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास आहे, नर्सवर एक पेशंट वाढला की बर्नआउटची, म्हणजे कामाने पार खचून जाण्याची, शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या मृत्यूची ७ टक्क्यांनी. म्हणजे सिस्टर थकली की त्याची किंमत बेडवरचा माणूस मोजतो.

व्हिडिओ परत एकदा नीट पाहिला. दुसऱ्या रांगेत आमची मैत्रीण आहे, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, हात अर्धेच वर गेलेत. तिला फोन केला तर म्हणाली नाइट करून सुटले होते, आठला घरी जायचं तर मेट्रननी (नर्सेसच्या प्रमुखांनी) थांबवून घेतलं, फोटोत माणसं कमी दिसायला नकोत म्हणून. साडेदहाला सुटली, घरी पोरगी शाळेतून यायच्या आत दोन तास झोप मिळाली आणि रात्री परत ड्युटी.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की सेशन ठेवा, जरूर ठेवा, दर आठवड्याला ठेवा, पण ड्युटी अवर्समध्ये धरा, नाइट करून आलेलीला घरी सोडा आणि जी सेशनला जाईल तिच्या वॉर्डात रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ तिचं काम बघणारी बदली नर्स, द्या. सोलापूरच्या एकीने लगेच विचारलं, रिलीव्हर कुठून आणणार, आमच्या वॉर्डात आत्ता ५२ पेशंट आहेत आणि मी एकटी आहे.