खुलासा : ‘सेबीमान्य’ सोयाबीन अंदाजाबद्दल

“दिवाळीपर्यंत सोयाबीन सहा हजार पार, प्रेडिक्शन मार्केटमध्ये 80 टक्के नक्की, अ‍ॅप सेबीमान्य” हा मेसेज दोन दिवसांपासून लातूर, औसा, निलंग्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आडतीवरून रोजचे भाव टाकणारा मीच, आणि पूर्ण न वाचता हा पुढे ढकलणाराही मीच.

सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. अ‍ॅप सेबीमान्य हे धादांत खोटं. ओपिनियन ट्रेडिंग (म्हणजे हेच प्रेडिक्शन मार्केट, पुढे काय होईल यावर पैसे लावणं) आपल्या अखत्यारीत येत नाही, तिथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही, असं सेबीनेच 29 एप्रिल 2025 ला सांगितलंय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड आहे.

आता ते 80 टक्के. असल्या बाजारात ‘हो’ची बाजू 80 पैशांना मिळते, खरं ठरलं तर रुपया, नाहीतर शून्य. म्हणजे पाचात एकदा आपटायचंच. ‘नक्की’ कुठून आलं? 2016 ला ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की नाही या मतदानाच्या, आदल्या रात्रीही सट्टेबाजार ‘ब्रिटन राहणार’ म्हणत होता; निकाल उलटा लागला. शिवाय गिऱ्हाईक मोजकं असलं की एकाने थोडे पैसे ओतले तरी आकडा हलतो.

मेसेजच्या तळाशी रेफरल कोड आहे. तुम्ही अ‍ॅप घेतलं की लिहिणाऱ्याला कमिशन. स्वतः कुठल्या बाजूला पैसे लावलेत, ते त्यानं लिहिलेलं नाही. आडत्या निदान पट्टीवर हमाली-तोलाई मांडून तरी देतो!

मी मेसेज काढलाय. माझ्याकडून घेऊन पुढे पाठवलेल्यांनीही काढावा. त्यावर विसंबून कुणी पोती थांबवली असतील, तर मला फोन करा.