गिअर पडत नाही, म्हणून क्लच प्लेटला का धरता?

‘क्लच प्लेट गेली हे ओळखायच्या चार खुणा’ असा एक मेसेज गाडीवाल्यांमध्ये बरेच दिवस फिरतोय. खुणा अशा: गिअर अडकत किंवा खरखरत पडतो, क्लच फार वर लागतो (पेडल बरंच वर आल्यावरच गाडी उचलते), क्लचपाशी आवाज येतो, आणि हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तरी इंजिन बंद पडत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी अख्खा क्लच सेट बदला, आणि शेवटच्या परीक्षेत इंजिन बंद पडलं तर निर्धास्त राहा, असा त्याचा सल्ला. असल्याच सल्ल्यापायी मी एकदा गिअरबॉक्स उतरवून बसलोय, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

क्लचला कामं दोनच. पाय वर असताना इंजिनाला घट्ट धरायचं आणि पाय खाली गेला की पूर्ण सोडायचं. प्लेट झिजली की बिघडतं ते धरणं. प्लेट फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि तिला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये घसरते, आरपीएमचा काटा चढतो आणि गाडी मात्र त्या मानाने पळत नाही. गिअर अडकणं हे सोडण्यातलं दुखणं. पेडल तळाला टेकलं तरी इंजिन गिअरबॉक्सला थोडं फिरवतच राहतं. नुसती झिजलेली प्लेट सुटताना सहसा कुरकुर करत नाही. म्हणजे मेसेजची पहिलीच खूण उलट्या रोगाची आहे.

माझी गाडी सकाळी रिव्हर्सला ‘खर्र’ करायची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना दोन्हीकडचा वेग जुळवणारी कडी, नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत नसेल तर पहिली बोंब तिथेच होते. गॅरेजवाल्याने पेडल दोनदा दाबलं आणि ‘प्लेट गेली’ असं सांगून टाकलं. सेट बदलला. काढलेली प्लेट हातात घेऊन बघितली, तर रिव्हेटची डोकी अस्तरात (प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात) चांगली खोल होती. प्लेट खरोखर संपते तेव्हा अस्तर त्या डोक्यांपर्यंत खाली आलेलं असतं. आठवड्याभरात पुन्हा खर्र. मग दुसऱ्या मेकॅनिकने स्लेव्ह सिलिंडरच्या (पेडलच्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) टोकाचं रबर बोटाने जरा मागे सरकवलं आणि आतून थेंब ओघळला. सील गळत होतं, ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती, आणि पेडल तळाला गेलं तरी सिलिंडरची दांडी पुरती सरकत नव्हती. खरं तर हे मला घरीच कळायला हवं होतं, कारण क्लच तीन-चारदा पंप केला की तोच रिव्हर्स अलगद पडायचा. प्लेटचा दोष पंप करून जात नाही.

तेव्हा गिअर अडत असेल तर आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा टाका, कधी कधी दातासमोर दात आलेला असतो. बंद गाडीत सगळे सहज पडतात आणि इंजिन चालू केलं की अडतात, तर क्लच सुटत नाहीये. बंद गाडीतही अडतात, तर गिअर लिव्हरच्या केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्स बघा. चालत्या गाडीत एकटा दुसराच गिअर खरखरतो, बाकीचे ठीक, तर त्या गिअरचा सिंक्रो. आणि या सगळ्याच्या आधी पायाखालची मॅट. हसू नका, पेडलमागे गोळा झालेली मॅट क्लच तळापर्यंत जाऊच देत नाही. अपवादही आहेत. दमट जागी महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, कधी प्लेट वाकलेली असते, कधी तिचे स्प्लाइन (ती शाफ्टवर सरकते त्या दातेरी खाचा) गंजलेले असतात. पण तेव्हाही भानगड झिजेची नसते.

आता ती हँडब्रेकची परीक्षा. रिकाम्या चालीवर, ॲक्सिलरेटर न देता, इंजिनाचा जोर असतोच किती? अर्धामुर्धा दमलेला क्लचही तेवढ्या जोराला पुरून उरतो आणि इंजिन बंद पाडतो. लोक समाधानाने घरी जातात, आणि पुढच्या चढावर भरलेल्या गाडीत काटा वर पळतो. उलट हँडब्रेक ढिला असेल तर गाडी पुढे सरकते, इंजिन चालूच राहतं, आणि दोष क्लचवर येतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत तर ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडला की ब्रेक आपोआप सुटतो. तिथे हा प्रयोग भिंतीसमोर करू नका. घसरणारा क्लच पकडायचा तर मोकळ्या सपाट रस्त्यावर, गाडी गरम झाल्यावर, चौथ्या गिअरमध्ये ताशी 40–50 किलोमीटरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग जोडीने चढले तर क्लच धरतोय. काटा एकदम उडाला आणि वेग मागे राहिला तर घसरतोय. पुन्हा पुन्हा करू नका, घसरताना प्लेट तापते आणि उरलेलं अस्तरही जळतं.

क्लच वर लागतो ही खूण वायरच्या क्लचपुरती खरी. प्लेट झिजते तशी वायर आपोआप ताणली जाते, पेडलचा मोकळा खेळ कमी होतो आणि क्लच वर लागायला लागतो. पण वायर कुणी जास्त ताणून बसवली तरी अगदी हेच होतं, आणि चांगली प्लेटसुद्धा घसरायला लागते. नट ढिला करून भागणारं काम असतं ते. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये झीज यंत्रणा स्वतःच भरून काढते, त्यामुळे पेडलवर तिचा पत्ता फारसा लागत नाही. तिथे डबीतल्या ऑइलची पातळी बघावी. ब्रेक पॅड झिजले की पातळी उतरते, क्लच प्लेट झिजली की किंचित चढते. क्लचची डबी वेगळी असेल आणि पातळी उतरत असेल, तर कुठेतरी गळतंय.

आवाजाचं म्हणाल तर तो कधी येतो आणि कधी जातो, एवढंच ऐका. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. पाय वर असताना घरघर आहे आणि पेडल दाबलं की थांबते, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगवर. दोन्हीकडे प्लेट निर्दोष.

मेसेजमधला सेटचा आग्रह मात्र एका अर्थी मला पटतो. घसरण पक्की झाली आणि गिअरबॉक्स उतरलाच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावं, मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचाच असतो. फक्त तेव्हा क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलवरही बोट फिरवून बघायला सांगा. तिथून तेल झिरपत असेल तर नवी प्लेटसुद्धा गाडी उचलताना थरथरायला लागेल.